फुको, इराण आणि क्रांतीतला धर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको यांनी इराणच्या १९७८-७९ च्या क्रांतीवर जे लिहिलं, त्याबद्दल वाचक सतत प्रश्न पाठवत असतात. काही प्रश्न परीक्षेपुरते असतात, काही चिडून विचारलेले असतात. दोन्हींना इथे जागा दिली आहे. तेच ते पुन्हा सांगावं लागू नये म्हणून उत्तरांमध्ये दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. फुको तर तुरुंग, वेडेपण, लैंगिकता यांवर लिहिणारे तत्त्वज्ञ. त्यांचा इराणशी संबंध कुठे आला?

वर्तमानपत्रामुळे आला. फुको (१९२६–१९८४) तेव्हा पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये शिकवत होते. मिलानहून निघणाऱ्या 'कोरिएरे देल्ला सेरा' या दैनिकाने त्यांना लिहिण्याचं आमंत्रण दिलं. फुकोंची कल्पना अशी, की विचारवंताने खोलीत बसून मतं देण्यापेक्षा घटना घडते आहे तिथे जावं आणि लोकांच्या डोक्यात नवे विचार कसे तयार होतात ते बघावं. स्वतःसाठी त्यांनी इराण निवडलं. सप्टेंबर १९७८ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर १९७८ मध्ये ते तिथे गेले. दोन्ही वेळा मुक्काम आठवडाभराचा होता. बहुतेक लेख त्या इटालियन दैनिकात आले, काही पॅरिसच्या 'ल नूव्हेल ऑब्झर्व्हातर' या साप्ताहिकात आणि 'ल माँद' या दैनिकात.

२. त्या वर्षी इराणात काय चाललं होतं? अगदी थोडक्यात सांगा.

जानेवारी १९७८ मध्ये कोम शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला आणि तिथून निदर्शनांची साखळी सुरू झाली. ८ सप्टेंबरला तेहरानच्या जालेह चौकात लष्कराने जमावावर गोळ्या चालवल्या. त्या दिवसाला 'काळा शुक्रवार' म्हणतात. शरद ऋतूत तेल कामगारांसह सगळ्या देशभर संप पसरला. १६ जानेवारी १९७९ ला शहा मोहम्मद रझा पहलवी देश सोडून गेले, १ फेब्रुवारीला शहांचे हद्दपारीतले विरोधक, शिया धर्मगुरू आयातुल्ला खोमेनी देशात परतले आणि ११ फेब्रुवारीला जुनी राजवट कोसळली. मार्चअखेरच्या सार्वमताने इस्लामी प्रजासत्ताक आलं.

फुको पहिल्यांदा पोहोचले ते काळ्या शुक्रवारनंतर जेमतेम आठवड्याने. हे लक्षात ठेवलं नाही तर त्यांच्या लेखांचा सूर कळत नाही.

३. तिथे जाऊन त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिलं?

पहिल्याच लेखात ते एका भूकंपाची गोष्ट सांगतात. त्याच दिवसांत तबस शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं होतं आणि त्या निमित्ताने लोकांना दहा वर्षांपूर्वीचा, १९६८ चा फिरदौसचा भूकंप आठवत होता. फिरदौस जमीनदोस्त झालं तेव्हा त्याच्या जागी दोन वस्त्या उभ्या राहिल्या. एक सरकारी आराखड्याची: गृहनिर्माण खात्याची आणि गावातल्या बड्या मंडळींची. थोड्या अंतरावर दुसरी: कारागिरांची आणि शेतकऱ्यांची. त्यांनी एका मौलवीच्या पुढाकाराने वर्गणी जमवली, आपल्या हातांनी कालवे आणि विहिरी खोदल्या, मशीद बांधली. पहिल्याच दिवशी हिरवा झेंडा रोवला आणि वस्तीचं नाव ठेवलं इस्लामिये. सरकारच्या समोर आणि सरकारच्या विरोधात इस्लाम तेव्हाच दहा वर्षांचा झाला होता, असं फुको लिहितात. त्यांचा सगळा पुढचा युक्तिवाद या दोन वस्त्यांमध्ये आहे, आणि माझ्या मते त्यांच्या इराणविषयक लेखनातला हा सर्वांत भक्कम भाग आहे.

याशिवाय ते कोममध्ये आयातुल्ला शरीअतमदारींना भेटले. विद्यार्थी, बुद्धिजीवी, संपकरी यांच्याशी बोलले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेले: तुम्हाला काय हवं आहे? त्यांच्या म्हणण्यानुसार 'क्रांती' हा शब्द त्यांना एकदाही ऐकू आला नाही. पाचांपैकी चार जण म्हणायचे: इस्लामी शासन.

४. क्रांतीत धर्माचं काम काय, याबद्दल फुकोंचं मुख्य म्हणणं काय आहे?

हजार ठिकाणी विखुरलेल्या असंतोषाची एक ताकद बनवणं. बाजारातला व्यापारी सुपरमार्केट आणि करांमुळे नाराज होता, विद्यार्थी सावाक या गुप्त पोलिसांमुळे, गावातून शहरात आलेला मजूर घराच्या भाड्यामुळे. यांना एकत्र आणेल असा पक्ष नव्हता, कारण पक्ष राजवटीने मोडून टाकले होते. मशीद मात्र शिल्लक होती. तिथे जमता येत होतं, बोलता येत होतं, ऐकता येत होतं. फुको धर्माकडे सिद्धांतांचा संच म्हणून बघतच नाहीत. एकत्र राहण्याची, बोलण्याची, दुसऱ्याच्या इच्छेत आपली इच्छा मिसळण्याची ती एक रीत आहे, असं ते मानतात. अशा रीतीतून जी 'सामूहिक इच्छाशक्ती' तयार होते तिच्याबद्दल तत्त्वज्ञ शतकानुशतकं लिहीत आले. ती ईश्वरासारखी किंवा आत्म्यासारखी, कधी भेटायची नाही असं आपण समजत होतो, पण तेहरानच्या रस्त्यांवर ती भेटली, असं ते सांगतात.

लक्षात घ्या, मौलवी वर्ग क्रांतिकारक आहे असं ते म्हणत नाहीत. उलट शिया धर्मगुरू ही मुळात क्रांतिकारी शक्ती नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे.

५. मार्क्सने धर्माला अफूची गोळी म्हटलं. फुकोंनी मार्क्सला खोडून काढलं का?

नाही, त्यांनी मार्क्सचा अख्खा परिच्छेद वाचायला लावला. मराठीत 'अफूची गोळी' एवढीच ओळख उरली आहे. १८४४ मध्ये छापलेल्या मूळ लेखात अफूच्या वाक्याच्या आधी मार्क्स धर्माला पिचलेल्या जीवाचा उसासा म्हणतो, हृदयशून्य जगाचं हृदय म्हणतो, चैतन्य हरपलेल्या परिस्थितीचं चैतन्य म्हणतो. फुको म्हणतात, १९७८ च्या इराणमध्ये धर्म अफू नव्हता, कारण तो चैतन्य हरपलेल्या जगाचं चैतन्य झाला होता.

दोघांमधला खरा फरक पुढे आहे. मार्क्सच्या मते धर्मातलं दुःख खरं असतं, पण त्यावरचा उपाय धर्माबाहेर शोधावा लागतो. फुकोंच्या मते इराणी माणूस धर्मामार्फतच आधी स्वतःला बदलू पाहत होता. तिकडे वळण्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

६. 'राजकीय अध्यात्म' म्हणजे नेमकं काय? धर्माधिष्ठित राज्य म्हणजेच ना?

फुकोंच्या मनात तरी तसं नव्हतं. ऑक्टोबर १९७८ च्या लेखाच्या शेवटी ते हा शब्दप्रयोग करतात. रेनेसांस आणि ख्रिस्ती धर्मातले मोठे पेचप्रसंग यांच्यानंतर युरोप जे विसरून गेला ते हे लोक जिवाची किंमत देऊन शोधत आहेत, असं ते लिहितात आणि लगेच म्हणतात: फ्रेंच लोक हसतील हे मला माहीत आहे, पण त्यांचं चुकतं आहे.

यात अभिप्रेत असलेलं अध्यात्म म्हणजे ध्यानधारणा नव्हे. माणूस आज जसा आहे तसा न राहता वेगळा होण्यासाठी स्वतःवर जे काम करतो, ते. राज्यकर्ता बदलायचा, तसं आपण जगतो कसे, एकमेकांशी आणि सत्याशी आपलं नातं काय, हेही बदलायचं. संपावर गेलेला माणूस नुसती पगारवाढ मागत नव्हता, उद्या मी असा राहणार नाही असं म्हणत होता, ही फुकोंची समजूत. १९८२ च्या व्याख्यानांत ग्रीक आणि रोमन विचारवंतांबद्दल बोलताना त्यांनी अध्यात्माची जवळपास हीच व्याख्या केली. म्हणजे हा इराणपुरता सुचलेला शब्द नव्हता.

हे अध्यात्म आणि धर्मगुरूंचं राज्य यांत भिंत राहील असं मात्र त्यांनी गृहीत धरलं. ती भिंत टिकली नाही. (प्रश्न ११ पाहा.)

७. हे शिया पंथातच शक्य होतं का? इतर धर्मांत असं घडत नाही?

शिया परंपरेत काही गोष्टी खास आहेत. इ. स. ६८० मध्ये करबलाला प्रेषितांचे नातू इमाम हुसेन अन्यायी सत्तेपुढे न झुकता मारले गेले. ती आठवण दरवर्षी मोहरममध्ये लोक अंगाखांद्यावर वागवतात. दृष्टीआड झालेले बारावे इमाम न्यायाचं राज्य आणायला परत येतील, या वाट पाहण्यामुळे आजची कोणतीच सत्ता पुरती न्याय्य ठरत नाही. आणि मेलेल्याचा चाळिसावा दिवस पाळण्याची रीत: कोममध्ये जानेवारीत माणसं मेली, त्यांच्या चाळिसाव्याला फेब्रुवारीत तबरीझ पेटलं, तबरीझच्या चाळिसाव्याला मार्चअखेर यझ्दमध्ये लोक रस्त्यावर आले. लष्कराला जमाव पांगवता आला, पण शोक करायला बंदी घालता येईना.

या जुन्या रीतींना नवं साधन मिळालं: कॅसेट. नोव्हेंबर १९७८ मध्ये फुकोंनी त्यावर एक लेखच लिहिला. रेडिओ आणि टीव्ही सरकारच्या हातात होते, वर्तमानपत्रं कधी बंद कधी चालू. अशा वेळी मशिदीतल्या प्रवचनांच्या ध्वनिफिती एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत होत्या, घराघरांत टेपरेकॉर्डरवर वाजत होत्या, पुन्हा कॉपी होत होत्या. शहांचं सिंहासन जात असेल तर त्यात या फितींचा वाटा मोठा असेल, असं त्यांनी लिहिलं.

पण ही शक्यता एका पंथापुरती आहे असं फुकोंना वाटत नव्हतं. तेहरानमधली प्रवचनं ऐकताना त्यांना फ्लॉरेन्सचा जहाल धर्मोपदेशक साव्होनारोला, जर्मनीतल्या म्युन्स्टरचे बंडखोर ॲनाबॅप्टिस्ट आणि इंग्लंडमधल्या क्रॉमवेलच्या काळातले प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक आठवले. म्हणजे सगळी उदाहरणं ख्रिस्ती युरोपची. १९७८ च्या सुरुवातीच्या व्याख्यानांत ते मध्ययुगीन ख्रिस्ती बंडांबद्दलच बोलत होते: मेंढपाळासारखा माणसांना हाकणारा धर्मगुरू आणि 'आम्हाला असं हाकू नका' म्हणणारे भाविक. इराणला जाताना डोक्यात हे होतं.

८. शहा देश आधुनिक करत होते. त्यांच्याविरुद्धचा उठाव म्हणजे मागे जाणंच नाही का?

हाच समज फुकोंना मोडायचा होता. त्यांच्या एका लेखाचा मथळाच शहा शंभर वर्षं मागे आहेत असं सांगतो. वरून लादलेलं, पोलिसांच्या जोरावर चालणारं, भ्रष्टाचाराने पोखरलेलं आधुनिकीकरण १९७८ मध्ये स्वतःच जुनाट झालं होतं, असा त्यांचा दावा आहे. लोक नाकारत होते ते यंत्र किंवा शाळा नव्हे, तर हा सगळा साचा. हा मुद्दा मला पटतो. पण शहांच्या काळात स्त्रियांना १९६३ मध्ये मताधिकार आणि पुढे कौटुंबिक कायद्याचं थोडं संरक्षण मिळालं होतं. 'जुनाट साचा' म्हणून सगळं एका गाठोड्यात बांधताना फुकोंनी यातलं टिकवण्यासारखं काय होतं, हे वेगळं काढलं नाही.

९. फुको स्वतः धार्मिक होते का?

नव्हते. कॅथलिक घरात वाढले, पण श्रद्धाळू म्हणून जगले नाहीत. इस्लाम स्वीकारण्याचा तर विषयच नाही.

१०. ते खोमेनींचे समर्थक होते ना?

त्यांना खोमेनींपेक्षा खोमेनींभोवती जमलेल्या लोकांत रस होता. नोव्हेंबर १९७८ च्या लेखात ते खोमेनींना जवळपास दंतकथेतला पुरुष म्हणतात: तो तिथे नाही, तो शहांना 'नाही' यापलीकडे काही बोलत नाही, तो राजकारणी नाही. म्हणून प्रत्येकाला आपली इच्छा त्याच्यात दिसते. याच लेखात त्यांनी लिहिलं की खोमेनींचा पक्ष होणार नाही, खोमेनींचं सरकार येणार नाही. वर्षभरात ते भाकीत खोटं ठरलं. समर्थक म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी खोमेनींना ओळखलं नाही, असं म्हणणं योग्य.

११. मग फुको चुकले, हे सरळ मान्य करायला काय हरकत आहे?

काहीच हरकत नाही. फक्त कुठे चुकले हे नेमकं सांगायला हवं, कारण 'पाश्चात्त्य विचारवंत भाबडा असतो' एवढ्यावर सोडून दिलं तर त्यातून शिकण्यासारखं काही उरत नाही.

त्यांनी लिहिलं होतं की इस्लामी शासन म्हणजे धर्मगुरूंच्या हातात सत्तेची देखरेख किंवा नियंत्रण, असं इराणात कोणाच्याच मनात नाही. पण खोमेनींनी १९७० मध्येच इराकमधल्या नजफमध्ये दिलेल्या व्याख्यानांत धर्मशास्त्रज्ञाच्या राज्याचा, विलायत-ए-फकीहचा सिद्धांत मांडला होता. तो छापून उपलब्ध होता. फुको ज्यांच्याशी बोलले त्यांत शरीअतमदारी आणि क्रांतीनंतर पंतप्रधान झालेले मेहदी बाझरगान होते, आणि ही मंडळी खरोखरच मवाळ होती. त्यांच्या तोंडून ऐकलेला इस्लाम फुकोंनी सगळ्या चळवळीचा इस्लाम मानला. डिसेंबर १९७९ च्या राज्यघटनेत विलायत-ए-फकीह आलं. त्याआधी नोव्हेंबरमध्ये बाझरगान पंतप्रधानपद सोडून गेले होते. शरीअतमदारींना पुढे नजरकैदेत ठेवण्यात आलं.

याहून मोठी चूक आतली आहे. ज्या माणसाने शाळा, तुरुंग, दवाखाना यांतली सत्ता इतक्या बारकाईने उलगडली, त्याने मशिदीतली सत्ता उलगडली नाही. फिरदौसच्या दुसऱ्या वस्तीत जमा झालेल्या वर्गणीचा हिशेब कोणाकडे होता? मौलवीचं न ऐकणाऱ्या कारागिराचं काय झालं असतं? कालव्याच्या जागेबद्दल बायकांना कोणी विचारलं का? हे प्रश्न विचारायला फुकोंहून लायक माणूस त्या वेळी युरोपात नव्हता. उठावातला धर्म आणि गादीवरचा धर्म एकाच मशिदीत राहतात. पहिल्याचं वर्णन त्यांनी अचूक केलं, दुसऱ्याची तयारी चालू होती तिकडे पाहिलं नाही.

१२. 'अतूसा एच.' कोण होती? तिचा उल्लेख प्रत्येक चर्चेत का येतो?

फ्रान्समध्ये राहणारी एक इराणी स्त्री. या नावाने तिचं पत्र ६ नोव्हेंबर १९७८ ला 'ल नूव्हेल ऑब्झर्व्हातर'मध्ये छापून आलं. तिचा सवाल असा: पंचवीस वर्षांच्या दडपशाहीनंतर इराणी लोकांपुढे सावाक किंवा धर्मांधता एवढे दोनच पर्याय आहेत का? ज्या इस्लामी शासनाचं तुम्ही कौतुक करता ते इतर देशांत कसं चालतं ते बघा, आणि स्त्रियांचं काय होईल ते विचारा.

पुढच्या आठवड्यात फुकोंनी उत्तर दिलं. इस्लामच्या सगळ्या रूपांना एकाच तिरस्कारात बांधणं असह्य आहे, इस्लामला समजून घेण्याची पहिली अट द्वेषाने सुरुवात न करणं ही आहे, असं ते म्हणाले. हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण तिने द्वेष केलाच नव्हता. तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीला कारण होतं. ८ मार्च १९७९ ला तेहरानमध्ये हजारो स्त्रिया सक्तीच्या हिजाबविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्या मोर्चांवर फुकोंनी लेख लिहिला नाही. मला त्यांच्या साऱ्या इराण प्रकरणातलं हे सर्वांत जास्त सलतं.

१३. क्रांतीनंतर नव्या राजवटीचं मृत्युदंडांचं सत्र सुरू झाल्यावर फुकोंनी माफी मागितली का?

माफी मागितली नाही. गप्पही बसले नाहीत. एप्रिल १९७९ मध्ये त्यांनी पंतप्रधान बाझरगान यांना खुलं पत्र लिहिलं: आरोपीला बचावाचा पूर्ण हक्क मिळालाच पाहिजे, आणि धर्माच्या नावावर राज्य करणाऱ्यांवर जबाबदारी कमी नाही, जास्त आहे. मे महिन्यात 'ल माँद'मध्ये 'उठाव करणं व्यर्थ आहे का?' हा लेख आला. काल सावाकच्या छळाला विरोध केला, आज हात तोडण्याला विरोध करतो, यात मत बदलणं कुठे आलं, असं ते विचारतात. मरायला तयार झालेल्या माणसांचं अध्यात्म आणि धर्मगुरूंचं रक्तरंजित सरकार यांना एका मापाने मोजता येत नाही. जीव धोक्यात घालून उठलेल्या माणसाला 'तुझं पुढे वाईट होणार आहे' असं सांगून गप्प करता येत नाही, आणि त्याच्या नावावर आलेल्या सत्तेलाही माफ करता येत नाही.

लेख उत्तम आहे. त्यात आपल्या खोट्या ठरलेल्या भाकितांचा हिशेब मात्र नाही.

१४. बाबासाहेब आंबेडकरही म्हणाले होते की राजकीय क्रांतीआधी धार्मिक क्रांती होते. दोघांचं म्हणणं एकच का?

हा प्रश्न महाराष्ट्रातून हमखास येतो आणि तो योग्य आहे. १९३६ च्या, प्रत्यक्षात न झालेल्या लाहोरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा मुद्दा मांडला. उदाहरणं दिली ती ल्यूथरची, इंग्लंड-अमेरिकेतल्या प्युरिटनांची, प्रेषित मुहंमदांची, चंद्रगुप्ताआधीच्या बुद्धाची, शिवाजी महाराजांआधीच्या महाराष्ट्रातल्या संतांची, गुरू नानकांची.

साम्य आहे: दोघांनाही धर्म हा राजकारणाचा निव्वळ पडदा वाटत नाही. फरक मोठा आहे. बाबासाहेब धर्माची आधी चिकित्सा करतात. कोणता धर्म माणसाला समान मानतो, कोणता नाही, हे तपासून ते निवड करतात आणि नको तो सोडून देतात. ती निवड १९५६ मध्ये नागपूरला प्रत्यक्षात आली. फुको धर्मातल्या उठावाच्या ऊर्जेचं वर्णन करतात, त्यातल्या समतेची परीक्षा घेत नाहीत. अतूसा एच.चा प्रश्न बाबासाहेबांनी पहिल्यांदा विचारला असता, असं मला वाटतं.

१५. म्हणजे धर्माशिवाय क्रांती होतच नाही, असा निष्कर्ष काढायचा का?

नाही. फ्रान्समध्ये १७८९ नंतर चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली आणि क्रांती धर्मगुरूंच्या विरोधात उभी राहिली. रशियात जानेवारी १९०५ चा मोर्चा फादर गापोन यांच्या मागे, देवाच्या तसबिरी घेऊन निघाला, पण १९१७ मध्ये सत्ता घेणाऱ्यांना धर्म नको होता. फुकोंचा दावा याहून लहान आहे: आर्थिक आणि सामाजिक कारणं कितीही मोजली, तरी माणसं नेमकी त्या दिवशी जिवावर उदार का होतात हे त्या कारणांतून निघत नाही. ते समजायला माणसं स्वतःला काय सांगत होती ते ऐकावं लागतं. इराणात ती धर्माच्या बोलीत सांगत होती.

१६. २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणी लोक धर्मसत्तेविरुद्धच उठले. आता फुकोंच्या विचाराचं काय उरलं?

'राजकीय अध्यात्म' शियांच्या मशिदीतच सापडतं असं मानलं असेल तर फार काही उरत नाही. मे १९७९ चा लेख धरला तर बरंच उरतं. हिजाबच्या नियमावरून पकडलेली महसा १६ सप्टेंबर २०२२ ला कोठडीत असताना गेली. 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ही घोषणा कुर्द चळवळीतून आलेली होती, कोणत्याही धर्मग्रंथातून नव्हे. तरी रस्त्यावरची माणसं फक्त एक कायदा बदला म्हणत नव्हती, आम्ही आता असे जगणार नाही म्हणत होती. आणि २६ ऑक्टोबरला, तिच्या चाळिसाव्या दिवशी, हजारो लोक पायी आणि गाड्यांनी तिच्या गावच्या, सक्केझच्या कब्रस्तानाकडे गेले. १९७८ मध्ये शहांविरुद्ध वापरली गेलेली रीत या वेळी मौलवींच्या राज्याविरुद्ध वापरली गेली.

१७. हे लेख कोणत्या क्रमाने वाचावेत?

शेवटून. आधी मे १९७९ चा 'ल माँद'मधला लेख, मग बाझरगान यांना लिहिलेलं पत्र, मग सप्टेंबर १९७८ चा भूकंपाचा लेख आणि तिथून तारखेप्रमाणे पुढे. ऑक्टोबरचा 'राजकीय अध्यात्म'वाला लेख अतूसा एच.च्या पत्राला लागूनच वाचा. एकट्याने वाचू नका. फुकोंनी हे लेख हयातीत पुस्तकात आणले नाहीत. फ्रेंचमध्ये ते १९९४ च्या संकलनात आले आणि आता इंग्रजीतही मिळतात.